सोलरच्या शिलकी पाण्यावर एक खोली उबदार कशी ठेवावी

आमच्या जुन्या घरी न्हाणीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता. दोन शेणी, चार काटक्या घातल्या की पाणी तापायचंच, शिवाय न्हाणीही उबदार व्हायची. थंडीत घरातली म्हातारी माणसं आपला नंबर यायच्या आधीच तिथं जाऊन टेकायची. आता बंब अडगळीत आणि गच्चीवर सोलर. पाणी ऊन मिळतं, पण ऊब गच्चीवरच राहते. टाकीतली उष्णता पाइपांतून खोलीतल्या रेडिएटरपर्यंत नेऊन ती खाली कशी आणायची, ते सांगतो.

कोल्हापूरच्या थंडीला अख्खं घर तापवायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बहुधा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, घरात त्याहून जास्तच असतो. म्हातारं माणूस असेल किंवा बाळंतीण आली असेल, तर एक खोली पुरे. आठवडाभर पहाटे पाचला त्या खोलीत थर्मामीटर बघा. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश राखायला सांगते. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना थोडं जास्तच बरं. पारा २०-२२ दाखवत असेल तर दाराखालची फट बुजवा, फरशीवर घोंगडं अंथरा आणि पुढचं वाचूही नका. कौलारू घर असेल तर आधी वरून माळा बंद करा, नाहीतर सगळी ऊब कौलांतून निघून जाते.

आता हिशेब, कारण बरीच माणसं इथंच फसतात. २५ लिटरचा इलेक्ट्रिक गिझर ६० अंशांवरून ४० वर आणला, तर हाती लागते जेमतेम अर्धा युनिट उष्णता. त्यापुढे खोली तापते ती चालू विजेवर. मग साधा रूम हीटर काय वाईट? तेवढीच वीज, शिवाय प्लंबिंगची कटकट नाही. २०० लिटरच्या सोलरचं तसं नाही. ६० अंशांचं पाणी ४५ वर आलं तरी साधारण साडेतीन युनिट निघतात, तेही फुकट. बारा बाय दहाच्या, दारं-खिडक्या लावलेल्या खोलीला ६०० वॅट धरले, तर पाच तास सहज. म्हणजे रात्री दहाला सुरू केलं तर तीनपर्यंत. पहाटे हवं असेल तर एकला सुरू करा. आंघोळीला ४५ अंशांचं पाणी उरतंच. मात्र घरात पाच-सहा माणसं असतील आणि टाकी रोज तळाला जात असेल, तर हा उद्योग करू नका.

जोडणीत एकच गोष्ट कधी विसरायची नाही: आंघोळीचं पाणी आणि खोलीचं पाणी वेगळं. मी विसरलो होतो. शिवाजी उद्यमनगरातून गाडीचा जुना रेडिएटर आणला आणि सरळ सोलरच्या लाइनीला जोडायला सांगितला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ह्या पाण्यानं आंघोळ करणार व्हय?" मी ऐकलं नाही. चौथ्या दिवशी बादलीत तांबूस पाणी. गंज दिसतो तरी. न दिसणारी भानगड वेगळीच. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून टाकीतलं पाणी अधूनमधून ६० च्या वर गेलंच पाहिजे. ढगाळ आठवडा असेल तर टाकीतला विजेचा बॅकअप एलिमेंट लावा.

तर, टाकीजवळ स्टेनलेस स्टीलचा प्लेट हीट एक्स्चेंजर बसवायचा. त्याच्या एका बाजूनं टाकीचं पाणी फिरून परत टाकीत, दुसऱ्या बाजूनं खोलीतल्या रेडिएटरचं. पाणी एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता पलीकडे जाते. दोन्ही फेऱ्यांना एकेक लहान पंप, गरम पाण्यावर चालणारा. परतीची लाइन टाकीच्या थंड पाण्याच्या पाइपला टी लावून जोडा आणि गार पाण्याच्या बाजूला, पाणी उलटं जाऊ न देणारा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. सोलरच्या टाकीला उभा एअर पाइप असतो, त्याला हात लावायचा नाही. तो बुजवला तर टाकी फुटू शकते.

पाइप अर्ध्या इंचाचा पुरतो. मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी फिरलं तरी काम होतं. पण तो सीपीव्हीसीच हवा, साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो. वरून काळा फोम आणि गच्चीवर त्यावर ऊन न लागेल असं आवरण. ह्यात कंजूसी केली तर तापतो फक्त जिना.

खोलीच्या फेरीत पाणी तापून फुगतं, त्याला जागा हवी. सर्वांत उंच जागी पाच लिटरची झाकणाची टाकी ठेवली की झालं. बोअरचं पाणी भरू नका, क्षार बसून एक्स्चेंजर चोंदतो. भरल्यावर रेडिएटरच्या वरच्या तोटीतून हवा काढा, रात्रभर तसंच ठेवून सांधे तपासा, मगच पंप लावा. रेडिएटरमागे टेबल फॅन बारीक वेगावर. पंपांना अर्थिंग आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवीच, हे काम वायरमनकडूनच करून घ्या. जमलं तर टाकी ४५ वर आली की पंप बंद करणारा थर्मोस्टॅटही लावा, म्हणजे सकाळी भांडण नको.

गॅस गिझर ह्या कामाला लावू नका आणि बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडीही नको. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि त्याला वास नसतो.

होळी झाली की खोलीच्या फेरीतलं पाणी काढून टाका, सोलरकडच्या जाण्या-येण्याच्या लाइनींवर बसवलेले दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. एक्स्चेंजरच्या टाकीकडच्या बाजूलाही पाणी साचून राहता कामा नये. तेही काढा आणि दिवाळीनंतर पहिलं बादलीभर पाणी गटारात सोडून मगच सुरू करा.