पहिला धक्का थांबल्यावर
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात माणसं दबली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींखाली. म्हणून धक्का थांबला की आधी भिंत बघा. दगडी भिंतीला पोट आलं असेल, कोपऱ्यात उभी चीर पडली असेल, तर दागिने-कागदपत्रं आणायलासुद्धा आत जाऊ नका. मागाहून येणारे छोटे धक्के अशी सैल झालेली भिंतच पाडतात. घर शाबूत असेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास येत असेल तर विजेच्या एकाही बटणाला हात नको. माळ्यावरचे पितळी हंडे आजच खाली उतरवा. रात्री चपला आणि टॉर्च उशाशी हवेतच, फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालवत नाही. पक्क्या घरात पुन्हा हादरलं तर मजबूत टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरा.