तिसऱ्या घंटेआधी फोनचं काय करायचं

नाटकाला बसताना फोन सायलेंटवर टाकला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण सायलेंट फक्त रिंग गप्प करतो. अलार्म, व्हायब्रेशनची गुरगुर, स्क्रीनचा उजेड आणि बोट लागून सुरू झालेला व्हिडिओ त्याला जुमानत नाहीत. म्हणून तिसऱ्या घंटेआधी फोन पूर्ण बंद करा. बटण दाबून स्क्रीन काळी केली म्हणजे फोन बंद झाला असं नाही. बंद व्हायला आणि परत सुरू व्हायला अर्धा-एक मिनिट जातं, त्यामुळे दिवे मंदावल्यावर ही खटपट सुरू करू नका, जागेवर बसल्याबसल्या उरका.

बंद करण्याआधी अलार्मची यादी एकदा उघडून बघा. प्रयोग संध्याकाळचा असेल तर रात्री ९च्या गोळीचा अलार्म नेमका दुसऱ्या अंकात वाजतो. काही अँड्रॉइड फोन तर बंद असतानाही अलार्मपुरते जागे होतात.

फोन बंद करणं शक्यच नसेल तर

मग पुढच्या सगळ्या गोष्टी कराव्या लागतात. एखादी करून भागत नाही.

एअरप्लेन मोड लावा. वाय-फायही बंद असेल तर कॉल आणि मेसेज थांबतात, पण अलार्म आणि कॅलेंडरच्या आठवणी फोनच्या आतूनच येतात, त्या थांबत नाहीत. म्हणून त्या प्रयोगापुरत्या हाताने बंद करा. अँड्रॉइडवर मीडियाचा आवाज रिंगपेक्षा वेगळा असतो, तोही शून्यावर आणा. व्हायब्रेशन बंद, ब्राइटनेस सगळ्यांत खाली, फोन उचलल्यावर स्क्रीन उजळण्याची सोय बंद. सूचना आली की फ्लॅश चमकवणारी सेटिंग चालू असेल तर तीही काढा.

नुसत्या ‘डू नॉट डिस्टर्ब’वर विसंबू नका. त्यात एक पळवाट असते: त्याच नंबरवरून लागोपाठ दुसरा कॉल आला की तो आत सोडला जातो, म्हणजे फोन वाजतो. आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची, अँड्रॉइडवर साधारण १५ मिनिटांची. काळजीने पुन्हा पुन्हा फोन लावणारी आई हमखास यातून आत येते. सेटिंगमध्ये ‘रिपीट कॉल’ची परवानगी काढून टाका आणि आवडत्या नंबरांना दिलेली सूट तपासा.

मनगटावरचं घड्याळ तर सगळेच विसरतात. हात हलला की ते उजळतं, आणि टाळ्या वाजवताना, केस सारखे करताना हात हलतोच. ॲपल वॉचच्या कंट्रोल सेंटरमध्ये दोन मुखवट्यांचं चिन्ह आहे, ते दाबलं की घड्याळ गप्प होतं आणि हात उचलल्यावर उजळत नाही. इतर बऱ्याच घड्याळांतही थिएटर मोड मिळतो. नसेल तर घड्याळ काढून पिशवीत ठेवा.

व्हायब्रेटवरचा फोन खुर्चीच्या लाकडी हातावर, जमिनीवरच्या पर्समध्ये किंवा किल्ल्यांशेजारी ठेवला की खुर्ची, फरशी, किल्ल्या सगळंच त्याच्यासोबत वाजू लागतं. शांत प्रसंगात तो आवाज शेजारच्या रांगांपर्यंत पोचतो.

उजेड आवाजापेक्षा जास्त नडतो

डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. कमी उजेडाच्या प्रवेशात प्रकाशयोजनाकार त्या सरावलेल्या डोळ्यांच्या भरवशावरच काम करत असतो. मांडीवर धरलेली स्क्रीन आपल्याला लपलेली वाटते, पण उतरत्या प्रेक्षागृहात मागच्यांची नजर आपल्या खांद्यावरूनच रंगमंचाकडे जाते, त्यामुळे आपला फोन त्यांच्या नजरेच्या वाटेतच येतो. रंगमंचावरून तर तो आणखी ठळक दिसतो: काळोख्या प्रेक्षागृहात खालून उजळलेला एकच चेहरा, तोही नटाकडे न बघणारा.

ब्लॅकआऊट ही त्याहून नाजूक वेळ. त्या काही सेकंदांत बॅकस्टेजची माणसं अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांच्या खुणांवरून नेपथ्य हलवत असतात आणि नट चाचपडत विंगेत जातात. अशा वेळी फ्लॅश डोळ्यांवर आला तर माणूस पायरी चुकतो, पडतो. शिवाय फोनचा फ्लॅश जेमतेम काही मीटर पोचतो, त्यात पुढच्या रांगेतली डोकी उजळतात आणि रंगमंच होता तसाच राहतो.

वाय-फाय हॉटस्पॉट तेवढा आठवणीने बंद करा. काही प्रयोगांतले बिनतारी माइक किंवा बॅकस्टेजचा संवाद २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतो आणि हॉटस्पॉटही अनेकदा तिथेच गर्दी करतो.

ज्यांना फोन लागतोच

तातडीच्या ड्यूटीवरचे डॉक्टर, घरी आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असलेले आईवडील यांनी मधल्या वाटेला लागून असलेली, दाराजवळची खुर्ची मागून घ्यावी. फोन व्हायब्रेटवर, पुढच्या खिशात अंगालगत. थरथरला की स्क्रीन न बघता उठायचं, दाराबाहेर जाऊन मग बघायचं. परत येताना प्रवेश बदलेपर्यंत मागे उभं राहायचं. सगळ्यांत बरं म्हणजे घरच्यांकडे नाट्यगृहाचा नंबर देऊन ठेवणं आणि दारावरच्या माणसाला आपला खुर्चीक्रमांक सांगून ठेवणं.

साखर मोजणारा सेन्सर फोनला जोडलेला असेल तर फोन बंद करू नका. साखर धोकादायक उतरली की त्याची तातडीची सूचना सायलेंटलाही न जुमानता वाजू शकते आणि ती वाजायलाच हवी. शेजाऱ्याला आधी एका वाक्यात सांगून ठेवा, बस.

वाजलाच तर

आवाज कमी-जास्त करायचं कुठलंही बटण एकदा दाबा, रिंग तिथेच थांबते. कॉल कापू नका, कापला की समोरचा लगेच पुन्हा लावतो. कोणाचा होता ते बघू नका, ‘नाटकात आहे, नंतर करतो’ असं कुजबुजू तर मुळीच नका. रिंग थांबवून लगेच फोन बंद करा. पर्समध्ये सापडत नसेल तर पर्स छातीशी घट्ट धरून बाहेर पडा. सात कप्पे उचकण्यापेक्षा ते लवकर होतं.

फोटो आणि पोस्ट

परवानगी आहे का, हे आधी विचारा. चालू प्रयोगाचं चित्रीकरण नटांच्या संमतीशिवाय करता येत नाही. १९६१च्या रोम करारापासून कलाकारांच्या या हक्काला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. बंद पडद्याचा फोटो प्रयोगाआधी घ्या. शेवटच्या नमस्काराला परवानगी असेल तर फ्लॅश बंद करून, फोन छातीच्या उंचीला धरून दोन-तीन फोटो काढा. प्रखर दिव्यांत चेहरे पांढरेफटक येतात, म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि उजेड खाली ओढा. मग फोन ठेवा आणि टाळ्या वाजवा, नट त्यासाठीच थांबलेले असतात.

लिहायचं ते घरी जाऊन. नटांइतकीच नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा करणाऱ्यांची नावं लिहा, ती फार कमी लोक लिहितात. दुसऱ्या अंकातलं रहस्य मात्र पुढच्या प्रेक्षकासाठी राखून ठेवा.

प्रयोग करणाऱ्यांसाठी

फोनची सूचना अंधारात देऊ नका. त्याने शंभर स्क्रीन एकदम उजळतात. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण असताना सांगा, ‘आत्ता फोन हातात घ्या आणि बंद करा’, आणि खरोखर अर्धा मिनिट थांबा. फोटो कधी काढता येतील तेही त्याच सूचनेत सांगा. नमस्काराला मोकळीक आहे हे कळलं की मधले फोटो कमी होतात. माहितीपत्रक फक्त क्यूआर कोडवर ठेवू नका, नाहीतर नटाचं नाव शोधायला लोक अंधारात फोन उघडणार. मोबाईलचं सिग्नल अडवणाऱ्या जॅमरच्या वाटेला जाऊ नका: अनेक देशांत तो बेकायदा आहे आणि तातडीचे कॉलही अडवतो. आणि मध्यंतरानंतर तीच सूचना पुन्हा द्या, कारण तोवर बहुतेक फोन परत चालू झालेले असतात.