घरची चिक्की चिवट का होते? पाकापासून डब्यापर्यंत या चुका टाळा

दाताला चिकटणारी चिक्की आणि दाताखाली कटकन तुटणारी चिक्की यांच्यातला फरक म्हणजे पाकात उरलेले थोडेसे पाणी. गूळ किंवा साखर आचेवर असताना पाकातले पाणी वाफ होऊन जात राहते आणि जसजसे ते कमी होते, तसतसे पाकाचे तापमान चढत जाते. ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास पाक गोळीबंद होतो, पण त्या वेळी त्यात दहा टक्क्यांहून जास्त पाणी असते. १५० अंशांच्या जवळ पोहोचेपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के पाणी उरते आणि असा पाक निवल्यावर काचेसारखा कडक होतो. चिक्की बिघडली की आपण लाटण्याला, दाण्यांना नाहीतर हवेला दोष देतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा या दोन टप्प्यांच्या मधेच कुठेतरी गॅस बंद झालेला असतो.

पुढचे सगळे विवेचन साधारण या प्रमाणाला धरून आहे: भाजून सोललेले २५० ग्रॅम शेंगदाणे, २०० ग्रॅम चिक्कीचा गूळ, एक चहाचा चमचा तूप आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. काजू-बदामांची साखरेची चिक्की करायची असेल, तर गुळाऐवजी तेवढीच साखर, तीन-चार चमचे पाणी आणि लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब घ्यावेत. गुळाच्या बाबतीत वाण्याकडे ‘चिक्कीचा गूळ’ असे स्पष्ट सांगूनच घ्यावा. हा गूळ रंगाने गडद आणि हाताला चिकट असतो. रोजच्या आमटीत घालायच्या गुळाची चिक्की होतच नाही असे नाही, पण ती खुटखुटीत होईल याची खात्री देता येत नाही, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने तो धोका पत्करू नये.

वडीच्या पाकात चिक्की होत नाही

संक्रांतीला तिळाच्या मऊ वड्या करणाऱ्या हातांना पाक गोळीबंद झाला की गॅस बंद करायची सवय असते आणि नेमकी तीच सवय चिक्कीला नडते. माझ्या पहिल्या दोन-तीन चिक्क्या अशाच फसल्या. ताटात त्या देखण्या दिसल्या, तुकडेही सरळ पडले, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर सगळ्या तुकड्यांचा मिळून एकच गोळा झालेला होता.

पाकाची परीक्षा पाण्यातच करावी. वाटीत माठातले गार पाणी घ्यावे, त्यात चमच्याने पाकाचा एक थेंब सोडावा, दहा-बारा सेकंद थांबावे आणि तो बाहेर काढून बोटांत धरावा. थेंब चेपला गेला, तर तो वडीचा पाक झाला. थेंब हाताला कडक लागला, पण मोडताना आधी वाकला किंवा त्याची तार ओढली गेली, तर तिथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण कडक लागला म्हणजे झाला असे वाटते. हा अर्धवट पाकच पुढे दाताला चिकटतो. थेंब न वाकता कट्कन मोडला पाहिजे. माझ्या सासूबाई तर बोटांवरही विश्वास ठेवत नाहीत. त्या पाण्यातून काढलेली गोळी स्टीलच्या ताटलीवर टाकतात आणि कान देऊन ऐकतात. ‘टण्’ असा आवाज आला तरच पाक झाला, ‘थप्’ असा आला तर अजून दोन मिनिटे. शेवटी तीच गोळी दाताखाली चावून पाहावी. ती दातात न अडकता चुरली की दाणे घालायला हरकत नाही.

ही परीक्षा चालू असताना गॅस तसाच ठेवणे ही दुसरी चूक आहे. आपण गोळी वाजवून पाहीपर्यंत कढईतला पाक पुढे गेलेला असतो, म्हणून तेवढा वेळ गॅस अगदी मंद करावा किंवा कढई उचलून बाजूला ठेवावी. वाटीतले पाणीही दर वेळी बदलावे. तीन-चार थेंब पडल्यावर ते कोमट होते आणि कोमट पाण्यात तयार पाकही मऊ वाटतो.

पाक कुठवर आला हे नजरेलाही कळते. गूळ विरघळून उकळू लागला की आधी मोठे, सैल बुडबुडे येतात; नंतर ते बारीक होत जाऊन दाट फेस धरतो, पाकाचा रंग एक छटा गडद होतो आणि वास कच्च्या गुळाचा न राहता खमंग येऊ लागतो. या फेसाच्या टप्प्यावर परीक्षा सुरू करावी आणि पुढे दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब टाकून पाहावा. घाई करून आच मोठी ठेवली, तर तळाचा पाक कडू होतो आणि वरचा कच्चा राहतो. दोन्ही दोष एकाच ताटात येतात.

साखरेचा पाक आणि ढवळण्याचा मोह

गुळाचा पाक ढवळत राहावा लागतो, कारण तो तळाला लागतो. साखरेच्या पाकाचे उलट आहे. साखर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळावे, पुढे उकळी आल्यावर कालथ्याला हात लावू नये. पाक दाट होत असताना त्यात साखरेचा एखादा न विरघळलेला कण जरी पडला, तरी त्याच्याभोवती बाकीची साखर झपाट्याने गोळा होऊ लागते आणि बघता बघता चकचकीत पाकाचा पांढरा, रवाळ भुगा होतो. हा कण बहुधा कढईच्या कडेवर सुकलेल्या थेंबातून येतो. म्हणून ओल्या ब्रशने किंवा पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने कडा वरचेवर पुसून घ्याव्यात. बोळा चिमट्यात धरावा, बोटात नव्हे.

लिंबाचा रस इथे आंबटपणासाठी नसतो. आम्लामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होते आणि हे वेगळे रेणू मधे आल्यामुळे साखरेचे कण एकमेकांशी नीट जुळू शकत नाहीत. गुळात हे दोन्ही पदार्थ मुळातच असतात, त्यामुळे गुळाची चिक्की सहसा रवाळ होत नाही. मात्र रस जास्त झाला की चिक्की हवेतले पाणी लवकर ओढते, म्हणून थेंब मोजूनच घालावेत.

साखरेसाठी काळ्या नॉनस्टिकपेक्षा जाड बुडाचे स्टीलचे भांडे बरे, कारण काळ्या तळावर पाकाचा रंग ओळखता येत नाही. १६० अंशांच्या पुढे पाक सोनेरी होऊ लागतो आणि मग पिवळ्यापासून तपकिरीपर्यंतचा प्रवास इतका झटपट होतो की फोन घ्यायलाही सवड नसते. भांड्यातली उष्णता गॅस बंद केल्यावरही पाक शिजवत राहते. म्हणून आपल्याला हवा त्याच्या एक छटा आधीच गॅस बंद करावा.

थर्मामीटर असेल तर काम सोपे होते, पण तो आधी तपासून घ्यावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळते; महाबळेश्वरला ते याहूनही कमी तापमानाला उकळते. थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून पाहावा आणि १०० पेक्षा जेवढे अंश कमी दिसतील, तेवढेच पाकाच्या आकड्यातूनही वजा करावेत. गुळाच्या पाकासाठी मात्र मी पाण्याच्या वाटीवरच भरवसा ठेवते, कारण प्रत्येक गुळाचा स्वभाव वेगळा असतो.

दाणे, सोडा आणि तूप

शेंगदाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजावेत. सोललेला दाणा फोडल्यावर आतला रंग फिकट बदामी दिसला पाहिजे. मोठ्या आचेवर भाजलेल्या दाण्याचे साल जळते आणि आतला ओलावा तसाच राहतो, आणि हाच ओलावा पुढे चिक्कीला मऊ पाडतो. सोलून, पाखडून, दोन डाळी वेगळ्या केलेले दाणे पाकात चांगले बसतात. फ्रिजमधून काढलेले काजू-बदाम किंवा सकाळी भाजून गार झालेले दाणे तसेच पाकात टाकू नयेत. पाक त्यांच्याभोवती क्षणात आवळला जातो आणि ढवळताच येत नाही. घालण्यापूर्वी ते कोमट करून घ्यावेत.

सोडा गरम पाकात पडल्यावर कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाक फुलून येतो आणि चिक्कीत सूक्ष्म पोकळ्या राहिल्याने ती दगडासारखी न होता खुसखुशीत होते. पण तो चिमूटभरच आणि गुठळी मोडूनच घालावा, नाहीतर एखाद्या घासाला साबणासारखी चव येते. सोडा पाकाचा रंगही गडद करतो, तेव्हा रंग पाहून घाबरू नये. तुपाचा हातही आवरावा. चिक्की चकचकीत दिसावी म्हणून दोन-तीन चमचे तूप घालणारे पुष्कळ आहेत. ते तूप दाण्यांवर थर धरते आणि मग पाक त्यांना पकडत नाही.

लाटणे आणि कापणे

पाकात दाणे घालण्यापूर्वीच ओटा किंवा उलटे ताट, लाटणे आणि सुरी यांना तूप लावून ठेवावे. दाणे घातल्यावर हातात एक मिनिट असते, फार तर दोन. मिश्रण ओतल्याबरोबर लाटावे आणि ते गरम असतानाच सुरीने रेघा पाडाव्यात. पूर्ण निवल्यावर कापायला गेल्यास चिक्की सुरीच्या नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने फुटते. लाटता लाटता ती आवळली, तर ताट गॅसवर काही सेकंद धरल्यास पुन्हा नरम पडते.

या घाईत हात भाजण्याचा धोका खरा आहे, कारण पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो. मुलांना त्या वेळी ओट्याजवळ उभे करू नये. भाजलेच, तर तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये आणि चिकटलेला पाक ओरबाडून काढू नये. भाजलेला भाग मोठा असेल किंवा फोड आले, तर डॉक्टरांकडे जावे.

चिक्की नंतर मऊ पडते तेव्हा

जानेवारीत जमलेली चिक्की श्रावणात त्याच हातांनी केली तरी सादळते, कारण कडक पाक हवेतले बाष्प शोषतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे लोणावळे चिक्कीसाठीच प्रसिद्ध आहे, यातली गंमत मला नेहमी वाटते. तिथली चिक्की पुडक्यात बंद असते म्हणून टिकते. घरी पूर्ण निवलेले तुकडे बटरपेपरमध्ये वेगवेगळे गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. कोमट असताना भरले, तर डब्यात वाफ धरते. ते फ्रिजमध्येही ठेवू नयेत, कारण गार तुकडा बाहेर काढला की त्यावर दव धरते.

दुसऱ्याच दिवशी चिक्की चिवट निघाली, तर ती पाकाची चूक समजावी आणि ती सुधारता येते. तुकडे मोडून कढईत घालावेत, अगदी मंद आचेवर हलवत पुन्हा विरघळवावेत, पाण्याची परीक्षा नव्याने करावी आणि पुन्हा लाटावे. दाणे आणखी भाजले जात असल्याने ही दुरुस्ती एकदाच शक्य असते. तेवढेही करायचे नसेल, तर गरम मिश्रणाचे तुपाच्या हाताने लाडू वळावेत. साखरेचा पाक दाणे घालण्यापूर्वीच रवाळ झाला, तर अर्धी वाटी पाणी घालून सगळे पुन्हा विरघळवावे आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. दाणे घातल्यावर रवाळ झाला, तर मिश्रण जाडसर कुटून ठेवावे. शिऱ्यावर किंवा आइस्क्रीमवर ते उत्तम लागते.

जळलेल्या पाकाला मात्र उपाय नाही. दूध, तूप, वेलची काहीही घातले तरी कडूपणा जात नाही आणि वर अडीचशे ग्रॅम दाणेही वाया जातात, तेव्हा दाणे घालण्यापूर्वी चमचाभर पाक गार करून चाखून पाहावा आणि कडू असेल, तर तिथेच थांबावे. कढई निवल्यावर तिच्यात काठोकाठच्या थोडे खाली पाणी भरून मंद उकळी आणावी. तळाशी घट्ट बसलेली काळी वडी अर्ध्या तासात आपोआप सुटते; कालथ्याने खरवडण्याची गरज पडत नाही.