जिन्याचं वायरिंग शिकवताना बोर्ड बिघडवून द्या

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये जिन्याच्या दिव्याचं वायरिंग (एकच दिवा, खाली-वर दोन स्विच, कुठूनही लावा-विझवा) सगळेच शिकवतात. फळ्यावर आकृती, वहीत आकृती, मग बोर्डवर जोडणी, दिवा लागला की सही. पण कामावर गेल्यावर मुलाला कोरा बोर्ड क्वचित मिळतो. मिळतो तो कुणीतरी आधीच बिघडवलेला.

म्हणून जोडणी एकदा जमली की पुढच्या तासाला तयार बोर्ड द्या आणि त्यात एकच चूक आधी करून ठेवा. माझी आवडती चूक: एका टू-वे स्विचवर (यात ‘कॉमन’ टर्मिनल बाजूच्या दोनपैकी एका टर्मिनलला जोडलं जातं) कॉमनची आणि बाजूच्या एका टर्मिनलची वायर अदलाबदल करायची. मग तो स्विच एका बाजूला असेल तरच दुसऱ्या स्विचने दिवा लागतो-विझतो. उलट्या बाजूला असेल तर दिवा लागतच नाही. ‘कधी लागतो, कधी नाही’ ही गिऱ्हाइकाची नेहमीची तक्रार इथे हुबेहूब उतरते.

दोघांची जोडी करा. स्क्रू-ड्रायव्हर लगेच हातात देऊ नका (हे सगळ्यात अवघड, मुलांचे हात शिवशिवत असतात). दोन्ही स्विचच्या चारही स्थिती तपासून तक्ता लिहायचा, अंदाज सांगायचा, मगच मेन बंद करून बोर्ड उघडायचा आणि मल्टीमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे कुठलं टोक कुठल्या टोकाला जोडलेलं आहे, ते पाहायचं. मेन बंद झाल्याची खात्री मात्र तुम्ही स्वतः करा. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) हवाच.

सही तक्त्यावर करा, लागलेल्या दिव्यावर नको.