मुलाची पहिली पोहण्याची स्पर्धा: पालकहो, या चुका टाळा

गेली काही वर्षं मी स्पर्धांमध्ये टाइमकीपर म्हणून लेनच्या टोकाशी उभी असते. हातात स्टॉपवॉच, चपला कायम ओल्या. तिथून एक गोष्ट लख्ख दिसते. पहिल्यांदा उतरलेल्या पोरांचा घोळ पाण्यात कमी होतो, पाण्याबाहेर जास्त. आणि बाहेरचा बहुतेक घोळ आईबापांनी घातलेला असतो. मीही घातलाय, म्हणून हक्काने बोलते.

आदल्या दिवशी आणलेला गॉगल

ही माझी दुखरी नस. लेकीच्या पहिल्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी तिला नवा गॉगल आणला, आरशासारख्या चकचकीत काचांचा. जुन्याचा पट्टा जरा सैल झाला होता, एवढंच निमित्त. सकाळी वॉर्मअपला तिने तो घालून चार चकरा मारल्या, सगळं झकास. पण वॉर्मअपला ती शिडीवरून पाण्यात उतरली होती. शर्यतीत ब्लॉकवरून, म्हणजे लेनच्या टोकाच्या उंच ओट्यावरून, सूर मारला आणि गॉगल घसरून थेट तोंडावर आला. डोळे घट्ट मिटून ती लेनच्या दोराला घासत निघाली. मध्येच थांबली, गॉगल गळ्यात ओढला आणि उरलेलं अंतर मान वर काढून पोहली. अर्थातच शेवटची आली. बाहेर येऊन पहिलं वाक्य काय, तर "आई, मला बाद केलं का गं?"

नव्हतं केलं. फ्रीस्टाइलमध्ये मूल थांबलं, अगदी तळाला पाय टेकून उभं राहिलं, तरी बाद होत नाही. फक्त तळावरून चालायचं नाही आणि दोर ओढून पुढे सरकायचं नाही. हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. पण तेव्हा मलाच कुठे माहीत होतं!

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या फायनलला मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं होतं. शेवटी शेवटी त्याला भिंतसुद्धा दिसत नव्हती. तो हाताचे फटके मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेऊन गेला. पण त्याला किती फटक्यांत भिंत येते हे पाठ होतं. तुमच्या आठ वर्षांच्या पोराला ते पाठ नसतं, त्यामुळे हे उदाहरण देऊन त्याला धीर द्यायला जाऊ नका.

माझी सवय आता अशी. ज्या गॉगलवर निदान वीस-पंचवीस सूर मारून झालेत, तोच शर्यतीला. पट्टा कॅपच्या आत, किंवा दोन कॅप घालून त्यांच्या मधे. सूर मारताना हनुवटी छातीकडे, कारण पोरं समोर बघत उडी मारतात आणि पाणी नेमकं काचेच्या वरच्या कडेवर आदळतं. काचेला आतून बोट लावायचं नाही, धुकं न धरणारा थर त्यानेच निघून जातो. आणि आठवड्यातून एकदा एक चक्कर मुद्दाम गॉगलशिवाय. पहिल्यांदा रडारड होते, तिसऱ्यांदा होत नाही.

वेळापत्रकावर विश्वास

कागदावर साडेअकरा लिहिलंय म्हणून शर्यत साडेअकराला होते, हा समज सोडून द्या. स्पर्धा इव्हेंटच्या, म्हणजे शर्यतींच्या प्रकारांच्या, क्रमाने चालते. आठ लेनचा पूल आणि चाळीस मुलं असतील तर पाच हीट, म्हणजे आठ-आठ जणांच्या पाच तुकड्या. छोट्यांच्या ५० मीटरला एका हीटमागे दोन मिनिटं धरा, म्हणजे दहा मिनिटांत सगळा इव्हेंट आटोपला. मुलं गैरहजर राहून एखादी हीट कमी झाली की तेवढाही वेळ लागत नाही.

एकदा माझ्या लेनमध्ये पोरगंच आलं नाही. शिट्टी झाली, ब्लॉक रिकामा. बाकी सात जण पोहून बाहेर आले आणि तेवढ्यात हे महाशय बाबांचा हात धरून पळत आले. तोंडात घास, कॅप हातात. बाबा मला घड्याळ दाखवत होते, "अहो मॅडम, अजून वीस मिनिटं आहेत!" त्यांचं घड्याळ बरोबर होतं, पण इव्हेंट दोन पावलं पुढे गेला होता. पोरगा मात्र काही न बोलता कॅप पिळत उभा होता. ती कॅप कोरडी होती.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते. मुलाच्या हातावर पेनने लिहा: इव्हेंट, हीट, लेन. ओळीने तीन आकडे, प्रत्येक शर्यतीची एक ओळ. क्रीम लावायच्या आधी लिहा, कारण तेलकट कातडीवर शाई बसत नाही. आणि आपल्या इव्हेंटच्या तीन-चार इव्हेंट आधीपासून पूल सोडायचा नाही. लघवी, पाणी, खाणं, सगळं त्याच्या आधी. मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय म्हणणारे पालक नेमके तेव्हाच फोनवर बोलत असतात.

फुगवलेलं टायमिंग

प्रवेश अर्जावर मुलाचं टायमिंग विचारतात ते हीट लावायला. बहुतेक ठिकाणी हळू पोरं आधीच्या हीटमध्ये, वेगवान शेवटच्यांत. आठ लेनच्या पुलात हीटमधल्या सर्वांत वेगवानाला चार नंबरची लेन, मग पाच, तीन, सहा असं बाहेरच्या बाजूला. काही हौशी पालक भिंतीला ढकलून सुरुवात केलेल्या, फोनवर मोजलेल्या आकड्यातूनही चार सेकंद उडवतात. मग ते लेकरू वाघांच्या कळपात मधल्या लेनमध्ये, आणि बाकीचे पोहून कॅप काढतात तेव्हा ते अजून अर्ध्यात. कशाला? खरं लिहा. २५ मीटरच्या पुलातलं टायमिंग ५० मीटरच्या पुलाला तसंच लिहू नका. छोट्या पुलात वळताना भिंतीला ढकलायला मिळतं, तो फायदा मोठ्या पुलात नाही. मूल २५ मध्येच शिकलं असेल तर स्पर्धेआधी एकदा तरी मोठा पूल पोहवून आणा. अर्ध्यात भिंत येत नाही हे कळतं तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

बाद झाल्यावर भांडण

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. बॅकस्ट्रोक पाठीवरच संपवायचा, भिंत शोधायला पालथं वळलं की बाद. म्हणून भिंतीच्या पाच मीटर अलीकडे पताका असतात. पताकांपासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात, ते मुलाने सरावात मोजून ठेवायचं. पहिल्या स्पर्धेतली बहुतेक पोरं यांतल्याच एखाद्या गोष्टीवर बाद होतात.

जजने हात वर केला की पालक गॅलरीतून खाली येतात. येऊ नका. बोलायचं ते कोच बोलतील. मी पाहिलंय, एका हाताने भिंत धरलेला पोरगा बाद झाल्यावर मित्राबरोबर हसत होता. बाप तावातावाने आला तेव्हा कुठे तो रडायला लागला.

बाकीच्या, पटकन

शिट्ट्यांचा अर्थ घरीच शिकवा. छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे टॉवेल-कपडे काढून तयार राहा, लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढा. बॅकस्ट्रोकला पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात, दुसरीला भिंतीशी.

मुलांच्या पोहण्याच्या चड्डीची नाडी आवळून बांधा. सूर मारल्यावर पाणी ती खाली ओढतं. यापुढे मी लिहीत नाही.

एक टॉवेल पुरत नाही. दोन शर्यतींमध्ये ओल्या कपड्यांत बसलेलं मूल कुडकुडतं आणि दुसऱ्या शर्यतीला त्याचे हात उचलत नाहीत. सुका टी-शर्ट आणि मोजे न्या.

स्पर्धेच्या सकाळी नवीन काही खायला घालू नका, रोजचंच द्या.

आठ वर्षांच्या मुलाला महागडा रेसिंग सूट म्हणजे निव्वळ आईबापांची हौस. तो अंगात चढवायलाच वीस मिनिटं लागतात.

आणि प्रत्येक वस्तूवर नाव घाला. नाव पूर्ण, नुसतं आद्याक्षर नको. सगळ्यांच्या कॅप काळ्या, सगळ्यांचे टॉवेल निळे. दर स्पर्धेनंतर बाकाखाली ढीग उरतो आणि तो आवरायला टाइमकीपरच राहतात. माझ्याकडे आत्ता एकाच पायाचे तीन मोजे आहेत.