पुनर्विकासाच्या नकाशावर सही करताय? या चुका टाळा

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय आला की तीन आकड्यांवर रात्रीचे अकरा वाजतात: जादा चटईक्षेत्र किती टक्के, कॉर्पस (विकासक देतो ती ठोक रक्कम) किती आणि दरमहा भाडं किती. समोरची इमारत किती मीटरवर येणार, मुलं कुठे खेळणार, जिन्याला खिडकी आहे का, असं विचारणारा एखादा निघालाच तर "ते आर्किटेक्ट बघतील" म्हणून त्याला खाली बसवतात. आर्किटेक्ट बहुतेक वेळा विकासकाने नेमलेला असतो. तो बघतोच, पण ज्याच्याकडून फी येते त्याच्या बाजूने.

मुंबईत उंच आणि दाट बांधण्यावाचून इलाज नाही, आणि दाट वस्ती म्हणजे वाईट वस्ती असंही नाही. गिरगावातल्या चाळींनी काही पिढ्या दाटीतच शेजार टिकवला. अडचण अशी की चटईक्षेत्राच्या घासाघिशीत सगळ्यात आधी बळी जातो तो घराबाहेरच्या जागांचा, आणि रोजचं आरोग्य नि शेजारधर्म नेमका त्याच जागांवर चालतो. पुनर्विकासाच्या नकाशांत ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे मांडतोय. काही चुका इमारत उभी राहिल्यावरही थोड्याफार निस्तरता येतात, काही अजिबात नाही.

समोरच्या इमारतीचं अंतर न मोजणं

ही निस्तरता न येणारी चूक आहे, म्हणून पहिली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर तोड म्हणून ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. खालच्या खोलीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहताना नजर साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा वर न्यावी लागू नये, असा त्याचा हिशेब. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मोकळं. दादर-माटुंग्याच्या जुन्या भागात आजही तळमजल्यावर उजेड मिळतो, त्यामागे त्या काळची ही आखणी आहे.

आज २३ मजल्यांच्या, म्हणजे साधारण ७० मीटरच्या टॉवरला हा हिशेब लावला तर ३५ मीटर सोडावे लागतील. कोणी सोडत नाही, आणि नियमावलीही तेवढं मागत नाही. पण किती कमी सोडल्यावर काय होतं, हे गोवंडी-मानखुर्दमध्ये दिसलं आहे. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारतींमधलं अंतर अवघं तीन मीटरच्या आसपास ठेवलं गेलं. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तिथे केलेल्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध थेट उजेड आणि हवेच्या अभावाशी जोडला गेला, आणि खालच्या मजल्यांवरची परिस्थिती अधिक वाईट होती. तिथल्या रहिवाशांनाही जुन्या घरापेक्षा पक्कं घर मिळालं होतं, हे विसरू नका.

तेव्हा लेआउटचा नकाशा मागा आणि पट्टी लावा. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण छापलेलं असतं. १:१०० असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. मात्र समितीच्या हातात येते ती बहुधा लहान करून काढलेली झेरॉक्स, तिच्यावर हे प्रमाण चालत नाही. आधी मीटरमध्ये माप लिहिलेली एखादी रेघ मोजून पडताळा, मग पुढचं. त्यानंतर सावलीचा अभ्यास मागा: २१ डिसेंबरला खालच्या तीन मजल्यांवर किती तास ऊन येतं? हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काही मिनिटांचं काम आहे, त्यामुळे "वेळ लागेल" या उत्तरावर गप्प बसू नका. आणि शेजारच्या सोसायटीची चार मजली इमारत आज बुटकी आहे म्हणून खुश होऊ नका. तीही पुनर्विकासाला जाणारच. आपल्या हद्दीत सोडलेली जागा तेवढीच आपली.

डक्टकडे उघडणारी खिडकी खिडकी समजणं

नकाशावर डक्ट हा एक निरुपद्रवी चौकोन असतो, त्यात बारीक अक्षरात 'ओ.टी.एस.' लिहिलेलं, म्हणजे वर आकाश उघडं. प्रत्यक्षात पाचव्या मजल्यावरून त्यात डोकावून पाहा. दोन्ही बाजूंच्या बाथरूमच्या लूव्हर्स, सांडपाण्याचे पाइप, त्यांना लटकवलेली एसीची आउटडोअर युनिट्स गरम हवा ओकताहेत, तळाशी कबुतरांची विष्ठा आणि वरून पडलेले कपड्यांचे चिमटे. साफ करायला आत जाण्याचा दरवाजा एका तळमजल्याच्या फ्लॅटमधून, आणि तो मालक बंगळुरूला. या डक्टकडे स्वयंपाकघराची खिडकी उघडत असेल तर शेजाऱ्यांच्या बोंबलाचा वास तुमच्याकडे नि तुमच्या फोडणीचा ठसका त्यांच्याकडे. बेडरूमची एकमेव खिडकी तिकडे उघडत असेल तर तो नकाशा परत पाठवा.

दुसरी गोम सरकत्या खिडकीची. दोन ट्रॅकची सरकती खिडकी फार तर अर्धी उघडते. केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी, म्हणजे मुंबई-कोकण किनाऱ्यासाठी, उघडता येणारं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश असावं असं धरलं आहे. हा हिशेब पूर्ण घराचा, बाल्कनीचं दारही त्यात मोजतात. पण एका खोलीवर करून पाहा. ३ बाय ३.६ मीटरची बेडरूम म्हणजे १०.८ चौरस मीटर, उघडं क्षेत्र हवं १.८. तुम्हाला मिळते १.८ बाय १.२ ची 'मोठी' सरकती खिडकी. क्षेत्रफळ २.१६, उघडणारं जेमतेम १.०८. विक्रीच्या माहितीपत्रकात तिचं वर्णन 'फ्रेंच विंडो' असं असेल, तरी गणित बदलत नाही. निदान बेडरूमला बिजागरीची खिडकी मागा, आणि दाराच्या वर एक झडप. जुन्या घरांत ही झडप असायची. दार लावून घेतलं तरी वारा वाहता राहायचा.

इमारत आधीच उभी असेल तर डक्टमधली आउटडोअर युनिट्स बाहेरच्या भिंतीवर हलवणं, तळाशी सोसायटीच्या सामाईक भागातून जाता येईल असा साफसफाईचा दरवाजा करणं आणि माथ्यावर कबुतरांसाठी जाळी बसवणं, एवढं करता येतं. जाळी बारीक नको. ती धुळीने बुजली की डक्टचं भुयार होतं.

पश्चिमेची भिंत आणि मिवान

मिवानच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती झटपट उभ्या राहतात, विकासकाला म्हणूनच आवडतात. पण १५० मिलिमीटरच्या काँक्रीटच्या भिंतीतून आत येणारी उष्णता २०० मिलिमीटरच्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीपेक्षा कित्येक पट जास्त असते. पश्चिमेकडचा फ्लॅट रात्री दहा वाजताही भिंतीतून तापतो, एसी चालतो, बिल येतं. मिवानच हवं असेल तर पश्चिमेला पॅसेज, जिना, लिफ्ट किंवा खोल बाल्कनी टाका, खिडक्यांवर नीट छज्जे मागा. पेडर रोडवरच्या 'कांचनजंगा' इमारतीत, १९८३ साली पूर्ण झालेल्या, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी हेच केलं: खोल, दुमजली उंचीच्या बागा बाहेरच्या कडेला, राहण्याच्या खोल्या आत. तिथले फ्लॅट आपल्या खिशाला परवडणारे नाहीत, युक्ती मात्र परवडते.

जमीन गाड्यांना, माणसं सातव्या पोडियमवर

पार्किंगचे चार-सहा मजले (हाच पोडियम) आणि त्यावर बगिचा, ही आता ठरलेली पाककृती झाली आहे. माहितीपत्रकातल्या चित्रात हिरवळीवर मुलं धावताना दिसतात. त्या हिरवळीखाली स्लॅब असतो, माती इतकी उथळ की मोठं झाड जगत नाही, आणि मे महिन्यात दुपारी तिथे पाय ठेववत नाही. महत्त्वाचं म्हणजे तिथे सहज कोणी येत-जात नाही. भाजी घेऊन येणारी बाई, पोस्टमन, शाळेच्या रिक्षातून उतरणारी पोरं, सगळी खालून लिफ्टने थेट घरी जातात. येता-जाता होणाऱ्या गाठीभेटी तिथेच संपतात.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर प्रकरणात मनोरंजनाची सक्तीची खुली जागा जमिनीवरच असली पाहिजे, पोडियमवरची जागा तिची भरपाई होऊ शकत नाही, असं स्पष्ट म्हटलं. नियम त्यानंतरही बदलत राहिले, म्हणून आपल्या प्रस्तावात खुल्या जागेपैकी किती जमिनीवर, त्यातली किती उघड्या मातीवर आणि किती पोडियमवर, हे तीन वेगळे आकडे लेखी घ्या. एकत्रित आकडा देऊ पाहणाऱ्याला थांबवा.

सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींचा तळमजला १९७० च्या दशकापासून मुद्दाम मोकळा ठेवला जाऊ लागला. खांबांमधल्या त्या सावलीत लग्नं लागतात, अंत्यदर्शन होतं, म्हातारे बुद्धिबळ मांडून बसतात. आपल्याकडे याला 'स्टिल्ट' म्हणतात आणि तिथे गाड्या लावतात. निम्मा स्टिल्ट मोकळा मागा. गणपतीचा मंडप कुठे घालायचा, हा प्रश्न नकाशावरच सोडवा. नाहीतर दर भाद्रपदात समिती आणि पार्किंगवाले यांची जुंपणार हे ठरलेलं.

दोन गेट, दोन लिफ्ट, दोन जाती

याबद्दल उघडपणे कोणी बोलत नाही. प्लॉटवर दोन इमारती येतात, एक जुन्या सभासदांची आणि एक विक्रीची. जुन्यांना मागच्या गल्लीतून प्रवेश, विक्रीच्या टॉवरला मुख्य रस्त्यावरचं गेट. जिम, क्लब, बाग विक्रीच्या पोडियमवर, आणि मधे भिंत. विकासक म्हणतो, "मेंटेनन्स वेगळा राहील, तुमचंच भलं आहे." मेंटेनन्स वेगळा ठेवायला वेगळं खातं पुरतं, भिंत लागत नाही. ही भिंत उभी राहिली की वीस वर्षं एकत्र दिवाळी केलेल्या माणसांची मुलं समोरच्या बागेकडे जाळीतून पाहतात. याबाबतीत सभासदांनी अडून बसावं, गरज पडली तर थोडं चटईक्षेत्र सोडून. माझं हे मत अनेक समित्यांना पटत नाही.

लांबलचक पॅसेज

एका मजल्यावर १४ फ्लॅट आणि मधून खिडकी नसलेला पॅसेज, दिवसाही दिवे लावलेला. तिथे शेजारी एकमेकांना दाराच्या नंबराने ओळखतात. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी सात घरांचा एक गट केला, मधे ८ बाय ८ मीटरचं अंगण, आणि असे तीन गट मिळून पुढचं मोठं अंगण. टॉवरमध्ये अंगण होत नाही, पण दर चार-पाच मजल्यांवर एक उघडा, वारा येणारा कट्टा होतो. लिफ्टशेजारी, आडबाजूला नाही. जिनाही बाहेरच्या भिंतीला लागून आणि खिडकीचा हवा. अंधाऱ्या जिन्याने दुसऱ्या मजल्यावरचा माणूसही जात नाही.

उभ्या इमारतीत लॉबीतला शोभेचा सोफा काढून साधे बाक टाका, आणि 'येथे बसू नये' ही पाटी आधी उतरवा.

आणि एक लिफ्ट दोन मीटरपेक्षा खोल आहे ना, हे तपासा. अठराव्या मजल्यावरून आजारी माणसाला स्ट्रेचरवर आडवं आणता यायला हवं. खुर्चीवर बांधून आणलेली माणसं मी पाहिली आहेत. घरात कोणी गेलं तर काय, हाही प्रश्न याच मापाचा आहे.

एसटीपी: पहिल्याच वर्षी वास का येतो?

सांडपाणी प्रकल्प पूर्ण वस्तीच्या हिशेबाने बांधतात. पहिलं दीड-दोन वर्ष निम्मे फ्लॅट रिकामे. जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही, प्रक्रिया नीट होत नाही, वास सुटतो. मग कोणीतरी पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद करतो, कारण आवाज येतो आणि वीज लागते. तिथून सगळं बिघडतं. उपाय असा की प्रकल्प दोन स्वतंत्र भागांत मागायचा, म्हणजे सुरुवातीला एकच चालवता येईल. ब्लोअर बंद करू देऊ नका. प्रक्रिया झालेलं पाणी फ्लशला नेणारी वेगळी पाइपलाइन बांधतानाच टाकून घ्या, ती नंतर होत नाही.

ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याजवळ नळ आणि छप्पर नसेल तर तो तीन महिन्यांत बंद पडतो. एवढंच.

हे सगळं तोंडी ठेवणं

सादरीकरणातली चित्रं करारात येत नाहीत. विकास करारनाम्याला लेआउट, तळमजल्याचा नकाशा आणि सेक्शन (इमारतीचा उभा छेद) जोडा, त्यावर अंतरं आकड्यांत लिहिलेली असू द्या. खुली जागा, गेट, कट्टे, खिडक्यांचा प्रकार आणि लिफ्टचं माप यांची वेगळी यादी परिशिष्टात घाला. कामादरम्यान नकाशे दोन-तीनदा सुधारले जातात आणि बहुतेक गोष्टी याच सुधारणांमध्ये नाहीशा होतात. म्हणून सुधारित नकाशा पालिकेत दाखल होण्याआधी सर्वसाधारण सभेची लेखी मंजुरी लागेल, हे कलम टाका. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या निर्णयाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते आणि सभेचं चित्रीकरणही व्हावं लागतं. त्याच सभेत कॅमेऱ्यासमोर हे परिशिष्ट वाचून दाखवा, आणि सोसायटीने स्वतः फी देऊन नेमलेल्या आर्किटेक्टची सही त्यावर विकासकाच्या सहीआधी घ्या.