क्राईम बीटवर येताय? आधी आगीची 'लेव्हल' विसरा

एफआयआर, पंचनामा, एडीआर (अपघाती मृत्यूची पोलीस नोंद) हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मुंबईत क्राईम बघणाऱ्याच्याच गळ्यात आगी आणि कोसळलेल्या इमारती पडतात, हेही एव्हाना कळलं असेल.

रात्री पत्रकारांच्या ग्रुपवर आगीचा मेसेज पडतो, 'लेव्हल-२, तळमजला'. ऑफिसातल्या डेस्कवरून विचारणा होते, मोठी आहे का? नवा माणूस म्हणतो, नाही, दोनच आहे. इथंच सगळे फसतात. लेव्हल म्हणजे अग्निशमन दलानं आपल्याच लोकांना दिलेला निरोप: किती बंब, किती टँकर, कुठल्या हुद्द्याचा अधिकारी लागणार. माणसं किती गेली, ते त्यातून कळत नाही. पुन्हा सांगतो, कळत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याचा सिटी सेंटर मॉल पेटला. लेव्हल-५, म्हणजे सर्वांत वरची. आग दोन दिवसांहून जास्त धुमसली, शेजारच्या टॉवरमधून सुमारे साडेतीन हजार माणसं बाहेर काढली, पण जीव एकाचाही गेला नाही. जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीची आग लेव्हल-४ होती. ८४ जणांना सुखरूप उतरवलं. आता ६ ऑक्टोबर २०२३ ची पहाट घ्या. गोरेगावची सात मजली जय भवानी इमारत, एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली. पार्किंगमधली वाहनं आणि कापडाचे गठ्ठे पेटले, धूर वर चढला. लेव्हल-२, आणि तरीही सात जण गेले. २०१७ च्या कमला मिलच्या आगीत गेलेल्या १४ जणांतले बरेच जण शौचालयात गुदमरले होते. धूर माणसाला आधी गाठतो, ज्वाळा मागून येतात.

म्हणून अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूमला लेव्हल विचारून फोन ठेवू नका. इमारत राहती आहे का, जिन्यात धूर आहे का, जखमींना कुठल्या रुग्णालयात नेलं, हे विचारा. मग आगीकडे न जाता थेट रुग्णालय गाठा. फोटोग्राफर आगीकडे जातोच.

रुग्णालयाची यादीही डोळे मिटून घेऊ नका. अपघात विभागाबाहेर हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. त्यावर 'अनोळखी स्त्री, अंदाजे ३०' असतं, आणि ओळख पटल्यावर तिचंच नाव खाली वेगळं लिहिलेलं असतं. वरची ओळ कुणी खोडत नाही. तुम्ही बेरीज केलीत की एक मृत्यू वाढला. नातेवाईक तुम्हालाच कर्मचारी समजून विचारतात, तेव्हा ऐकीव काहीही सांगू नका.

आकडा रात्रीत संपत नाही, हेही ध्यानात ठेवा. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासात अग्निशमन दलाचे संजय राणे आणि महेंद्र देसाई गेले. सुधीर अमीन आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर उपचार घेताना पुढच्या पंधरवड्यात गेले. पहिल्या दिवशीची बातमी खोटी नव्हती, अपुरी होती. पाठपुरावा लिहिणारे थोडेच असतात, आणि माझ्या मते खरे क्राईम रिपोर्टर तेच.

खुनाच्या बातम्यांना तेवढं घाबरू नका. तिथं निदान कलम हाताशी असतं. फक्त जुन्या कात्रणांवरून कलमं उचलू नका. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे: खून ३०२ नाही, १०३, खुनाचा प्रयत्न ३०७ नाही, १०९. पोलीस बोलताना अजून 'तीनशे दोन'च म्हणतात, तुम्ही एफआयआर वाचून लिहा.

सिनियर म्हणतील, 'माझ्या सोर्सनं सांगितलंय, चालव.' त्यांचा सोर्स त्यांनाच लखलाभ. बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, तुमचं आहे. ग्रुपवरचा आकडा उचलून पाच मिनिटं आधी टाकणाऱ्याला शाबासकी मिळते, खरंय. पण दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात त्याला कुणी बसायला खुर्ची देत नाही.

शवागारातून आल्यावर जेवण जात नसेल, तर त्यात कमीपणा नाही. बहुतेकांचं होतं, बोलत कुणी नाही. डेस्कला सांगून एक दिवस सुट्टी घ्या, आणि जाताना रुग्णालयातल्या ड्युटी डॉक्टरचा नंबर सहकाऱ्याला देऊन जा, म्हणजे जखमींची चौकशी चुकणार नाही.